धम्मदायाद की आमिसदायाद?
वामनदादा कर्डकांची गीतवाट आणि आजचा आंबेडकरी रॅप

भीमजयंतीच्या मिरवणुकीत अथवा धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनी आपल्याकडे कोणते गीत वाजते, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटतो. वास्तविक तो चळवळीच्या वैचारिक प्रकृतीचा प्रश्न आहे. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुसरबीडसारख्या गावातही आता एकाच दिवशी तीन निरनिराळे आवाज कानी पडतात. सकाळी विहारात त्रिशरण, पंचशील आणि बुद्धवंदना. सायंकाळी मिरवणुकीत वामनदादा कर्डकांची गीते, तीही बहुधा दुसऱ्याच कुणाच्या आवाजात आणि मूळ चालीच्या दुप्पट वेगाने. आणि रात्र पडली की कट्ट्यावर बसलेल्या मुलांच्या मोबाइलमधून रॅप. वडीलधाऱ्या उपासकांना पहिला आवाज आपला वाटतो, दुसरा सवयीचा झाला आहे आणि तिसरा परका वाटतो. हे तिसरे काय आहे, ते कोठून आले, आणि ज्या वाटेने वामनदादा गेले त्या वाटेशी त्याचे काही नाते आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचारासाठी कसोटी आपल्याच घरातली घ्यावी. मज्झिमनिकायातील धम्मदायाद सुत्तात तथागत भिक्खूंना सांगतात की, तुम्ही माझ्या धम्माचे वारस व्हा, माझ्या आमिसाचे, म्हणजे भौतिक लाभाचे वारस होऊ नका. तेथे दृष्टांतही मोठा मार्मिक आहे. उरलेले अन्न समोर आहे, दोन भुकेले भिक्खू आहेत. एक ते अन्न घेतो, दुसरा घेत नाही. तथागत पहिल्याची निर्भर्त्सना करीत नाहीत; परंतु दुसऱ्याला अधिक प्रशंसनीय मानतात. कोणत्याही परंपरेच्या वारसांना हा दृष्टांत लावून पाहण्यासारखा आहे. वामनदादांच्या गीतांचे वारस आज पुष्कळ आहेत. त्यांतील धम्मदायाद कोण आणि आमिसदायाद कोण?

प्रथम वामनदादांविषयी. कर्डक हे आडनाव आंबेडकरी गीतपरंपरेत दोन ठिकाणी येते आणि तरुण वाचकांची त्यात गल्लत होते. भीमराव कर्डक हे जलशाचे प्रवर्तक. १९३१ च्या सुमारास त्यांनी नाशिक जिल्ह्यातील तरुणांना घेऊन जलसा मंडळ उभे केले. आपल्या अनेक सभांचे काम एक जलसा करतो, अशा आशयाचे प. पू. बाबासाहेबांचे उद्गार प्रसिद्ध आहेत, ते या जलशाच्या संदर्भात. वामन तबाजी कर्डक हे दुसरे. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला आणि १५ मे २००४ रोजी ते कालवश झाले. भीमरावांपाशी संच होता, संवाद होते, सोंगे होती. वामनदादांपाशी शेवटी उरला तो एकट्याचा आवाज.

आजची मुले ज्याला ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणतात तो नेमका कोण, हे वामनदादांच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कुणाच्या. शाळा नाही. मुंबईत येऊन गिरणीत आणि मिळेल त्या ठिकाणी हमाली-मजुरी. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत राहत असताना समता सैनिक दलाचे काम करू लागले. कुणीतरी पत्र वाचून देण्यास सांगितले आणि ते वाचता आले नाही, याची लाज त्यांना जन्मभर पुरली. त्यानंतर ते अक्षरे शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती पक्की केली. मनात सिनेमात नट होण्याची ओढ होती, त्यासाठी स्टुडिओंच्या दारात उभे राहून गर्दीतल्या भूमिकाही केल्या. १९४३ मध्ये एका हिंदी चित्रगीताच्या चालीवर त्यांनी पहिले विडंबनगीत रचले. म्हणजे आपल्या चळवळीच्या सर्वांत मोठ्या गीतकाराची सुरुवात उसन्या चालीवरच्या थट्टेने झाली. ‘रॅपवाल्यांपाशी स्वतःची चाल नाही, सगळे परदेशातून उचललेले’ असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुढे ते गावोगाव फिरले. त्यांच्या मागे कंपनी नव्हती, मठ नव्हता, सरकारी खाते नव्हते. ज्या गावी कार्यक्रम, त्या गावची वस्ती हीच त्यांची धर्मशाळा. लोकांनी वर्गणी काढून बिदागी द्यावी, कुणी भाकरी द्यावी, कुणी पुढच्या गावापर्यंत गाडीची सोय करावी. कित्येक गीते त्या त्या मुक्कामी जन्मली. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६), ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) असे संग्रह पुढे निघाले. परंतु ग्रंथ निघण्यापूर्वीच गीते तोंडपाठ झाली होती, आणि ज्यांना ती पाठ होती त्यांतील पुष्कळांना ग्रंथ वाचता येत नव्हता. १९९३ मध्ये वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते या अलिखित वाचकांच्या वतीनेच मिळाले असे म्हटले पाहिजे.

या नात्याला ‘चाहते’ हा शब्द अपुरा पडतो. इतिवुत्तकात भिक्खू आणि गृहस्थ यांच्या परस्परोपकाराचे एक सुत्त आहे. गृहस्थ चीवर, अन्न, निवास आणि औषध देतात; भिक्खू धम्म देतात; दोघे एकमेकांच्या आधाराने ओघ तरून जातात. त्याच ग्रंथात आमिसदान आणि धम्मदान असे दानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. वामनदादा भिक्खू नव्हते, गृहस्थ होते आणि गृहस्थाची सुखदुःखे त्यांनी पुरती भोगली. तरीही त्यांचे आणि वस्तीचे नाते समजून घ्यावयाचे तर ते या सुत्तातील नात्याच्या जवळ जाते. भाकरी देणारी माय गीत विकत घेत नव्हती. तिने आमिस दिले, दादांनी शब्द दिला, आणि दोहोंचा हिशोब कुणी ठेवला नाही. हिशोब नव्हता म्हणून दादा स्वतंत्र होते, असे माझे मत आहे. ज्याला हजार जणांनी एकेक भाकरी दिली त्याला एकाच्या मर्जीप्रमाणे गावे लागत नाही.

याची किंमतही होती. हिशोब न ठेवणाऱ्याचे गीत कुणीही उचलतो. कॅसेटच्या काळात आपल्या गीतांचा मोठा बाजार उभा राहिला. वेष्टणावर गायकाचे छायाचित्र असे, निर्मात्याचे नाव असे, गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत असे किंवा नसे. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप यांच्यासारख्या समर्थ गायकांनी आंबेडकरी गीत घरोघर नेले हे त्यांचे ऋण आहेच. तथापि, रचनाकार मागे पडण्याची सवय आपल्या समाजाला त्याच काळात लागली. वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गोवीत. ही नाममुद्रा संतांच्या अभंगापासून शायरांच्या गझलेपर्यंत चालत आलेली. कागद नसलेल्या कवीचा तो एकमेव दस्तऐवज. मिरवणुकीत वेळ वाचविण्यासाठी शेवटचे कडवे गाळले जाते, तेव्हा नेमका हा दस्तऐवज गाळला जातो.

गीतांच्या रचनेकडे वळू. वामनदादांचे बलस्थान प्रश्नात आहे. त्यांचे गीत घोषणा क्वचित करते, ते विचारते. देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन संपत्तीतील आमचा हिस्सा कोठे गेला असे विचारणारे गीत सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांच्या विचारांशी खऱ्या अर्थाने एकनिष्ठ अशी मूठभर माणसे तरी आपल्यात आहेत काय, ही खंत मांडणारे गीत तर पुढाऱ्यांच्या व्यासपीठावरूनच पुढाऱ्यांना ऐकविले जाते आणि पुढारी टाळ्या वाजवितात! प्रश्नाची ही रीत सवाल-जवाबाच्या लावणीत होती, कव्वालीच्या सामन्यात होती, जलशात तर होतीच. दादांनी ती घेतली आणि सामना बाहेरच्या प्रतिपक्षाशी न ठेवता आपल्याच माणसांशी ठेवला. यमक ते सहज जुळवीत, कधी फारच सहज. त्यांच्या स्तुतिगीतांत तीच तीच विशेषणे फिरून येतात. पन्नास गीतांचा संग्रह एका बैठकीत वाचणाऱ्याला थकवा येतो, हे मान्य केले पाहिजे. ती एका बैठकीत वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती, हेही तितकेच खरे. आपल्या समीक्षेने मात्र दोन्ही टोके गाठली आहेत: विद्यापीठीय टीकाकारांनी त्यांना ‘लोकगीतकार’ म्हणून कवितेच्या उंबऱ्याबाहेर बसविले आणि आपण ‘महाकवी’ म्हणून त्यांच्यावर एक शब्दही चिकित्सेचा लिहिला नाही.

आता एका नाजूक विषयाला हात घालतो. वामनदादांचा पहिला संसार मोडला. मीरा ही त्यांची मुलगी बालपणीच गेली. चरित्रकार हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. परंतु गीतांत ‘बाप’ आणि ‘माय’ हे शब्द ज्या आवेगाने येतात, तो आवेग केवळ प्रचाराचा नाही असे सतत जाणवत राहते. बाबासाहेबांना बाप म्हणणारे आणि साऱ्या समाजाला त्या बापाची लेकरे म्हणणारे हे गीत एका अशा माणसाने लिहिले आहे, ज्याचे स्वतःचे लेकरू हाती उरले नव्हते. ज्यांना बाप म्हटले त्यांचीही कथा वेगळी नाही. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार अपत्ये गेली, एक यशवंत जगले. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला, तेव्हा बाबासाहेबांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रातील शोक आजही वाचवत नाही. म्हणजे लेकरू गमावलेल्या एका बापाला लेकरू गमावलेला दुसरा बाप ‘बाप’ म्हणून हाक मारतो आणि लाखो लोक ती हाक आपली म्हणून उचलतात. आंबेडकरी गीतातील पितृत्वाची प्रतिमा कोठून आली हे शोधताना राजकारणाइतकेच या दोन घरांकडेही पाहिले पाहिजे.

मात्र येथेच धम्माच्या दृष्टीने एक अडचण उभी राहते. विनयपिटकाच्या महावग्गात राहुलाची कथा आहे. तथागत कपिलवस्तूला आले असता आईच्या सांगण्यावरून बालक राहुल त्यांच्या मागे जातो आणि आपला दायज्ज, म्हणजे वारसा मागतो. तथागत सारिपुत्ताला त्याची प्रव्रज्या करण्यास सांगतात. वारसा म्हणून मिळाला तो संघ. आजोबा शुद्धोदन मात्र व्याकूळ होतात. पुत्रप्रेम कातडी, मांस, हाडे भेदून मज्जेपर्यंत जाते, अशा अर्थाचे बोलून ते विनंती करतात की, यापुढे मातापित्यांच्या अनुज्ञेवाचून कुणा मुलाला प्रव्रज्या देऊ नये. आणि तथागत तसा नियम करतात. किती मानवी प्रसंग आहे हा! बुद्धाने पित्याचे दुःख मायाजाल म्हणून झिडकारले नाही. त्या दुःखातून संघाचा कायदा झाला. परंतु राहुलाला मात्र ‘तू माझा पुत्र’ एवढ्यावर काहीही मिळाले नाही. त्याला उपदेश मिळाला, अभ्यास मिळाला, आणि पुढे आपल्या बळावर त्याने अर्हत्पद मिळविले.

आपल्या गीतांत बापाची हाक खूप आहे, राहुलाचा अभ्यास कमी आहे. वामनदादांच्या बऱ्याच गीतांत तथागत येतात ते भीमाच्या मागोमाग, करुणेचे एक सुंदर चित्र म्हणून; आर्य अष्टांगिक मार्गाची कठीण बाजू गीतात फारशी उतरत नाही. १९५६ नंतरच्या पहिल्या पिढीसाठी हे स्वाभाविक होते. ज्यांना शतकानुशतके नाव नव्हते त्यांना आधी बाप सापडणे आवश्यक होते. पण सत्तर वर्षांनंतरही आपली गीते केवळ ‘आम्ही त्याची लेकरे’ एवढेच गात असतील, तर तो वारसा अर्धाच उचलला गेला आहे.

श्रद्धेचाही विचार येथेच यावा. आपल्या पत्रिकेतून पूर्वीही लिहिले गेले आहे की, पालीतील ‘सद्धा’ आणि मराठीतील रूढ ‘श्रद्धा’ यांत अंतर आहे. सद्धा ही पाहून, पारखून आलेली खात्री. वामनदादांची निष्ठा या अर्थाने सद्धा होती, कारण तिने त्यांना गप्प बसविले नाही. नेत्यांच्या फाटाफुटीवर, बंगल्यांवर, विसरलेल्या शपथांवर त्यांनी जितके बोचरे लिहिले तितके विरोधकांवरही लिहिले नाही.

रॅपला विहाराच्या प्रांगणात स्थान द्यावे की नाही, यावर तिपिटकाचा आधार दोन्ही बाजूंनी दिला जातो. चुल्लवग्गात भिक्खूंनी धम्म लांबलचक गायनस्वरात म्हणू नये असा नियम आहे. स्वरात मन गुंतते, अर्थ सुटतो, हे त्याचे एक कारण. सरभञ्ञाला, म्हणजे संयत सस्वर पठनाला मात्र अनुज्ञा आहे. संयुत्तनिकायात तालपुट नावाचा नटांचा मुखिया तथागतांना विचारतो की, रंगमंचावर लोकांना हसविणाऱ्या नटाची गती काय? तथागत दोनदा प्रश्न टाळतात आणि मग सांगतात की, राग, द्वेष आणि मोह यांनी आधीच बांधलेल्या माणसांना त्याच गोष्टी अधिक चेतवून दाखविणारा स्वतःही प्रमत्त होतो. स्वर्ग-नरकाची भाषा बाजूला ठेवली तरी कसोटी उरते. तालपुट रडला, प्रव्रजित झाला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत. मनाशी भांडणाऱ्या त्या गाथा तिपिटकातील उत्कृष्ट काव्यात गणल्या जातात. नट कवी झाला, मुका झाला नाही. आणि दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात तर पञ्चशिख बेलाच्या लाकडाची वीणा घेऊन येतो आणि चक्क प्रेमगीत गातो, ज्यात प्रेयसीबरोबर बुद्ध आणि अर्हत यांचाही उल्लेख आहे. तथागत रागावत नाहीत. तुझ्या तारेचा स्वर गीताच्या स्वराशी आणि गीताचा तारेशी छान मिळतो, असे ते म्हणतात आणि या गाथा तू केव्हा रचल्यास, असे विचारतात. रसिकतेचा याहून सभ्य नमुना मला ठाऊक नाही. गाणाऱ्याला त्याच्या रचनेची हकीकत विचारावी, एवढी साधी गोष्ट आपण वामनदादांच्या बाबतीत किती जणांनी केली?

म्हणून रॅपवर बंदी हा विचार सोडून देऊ आणि रॅप म्हणजे काय ते पाहू. न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या उपनगरात ऑगस्ट १९७३ मध्ये कूल हर्क या जमैकन घराण्यातील तरुणाने एका इमारतीतील समारंभात तबकड्या वाजविताना गाण्यातील केवळ तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजविला. त्या तालावर बोलणे म्हणजे रॅप. नृत्य, भिंतीवरील चित्राक्षरे आणि हे बोलणे मिळून हिप-हॉप. ती गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांची वस्ती होती. वाद्ये शिकण्यास पैसे नव्हते, म्हणून तबकडीचेच वाद्य केले. शिवडीच्या चाळीत हिंदी चित्रगीताची चाल उचलणारा तरुण आणि ब्राँक्समधील हा तरुण यांच्यात तीस वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे. युक्ती एकच आहे. सुरांचे शिक्षण लागत नाही, आवाज गोड असावा लागत नाही. शब्दांवर आणि श्वासावर पकड लागते. पोवाड्याच्या गद्यपद्यमय फेकीवर वाढलेल्या मराठी कानाला हे अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

भारतात ही कला आंबेडकरी विचाराकडे वळली ती गेल्या दशकभरात. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गायकसंच प्रथम रंगमंचावर आला. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित हे त्यामागील प्रेरणास्थान. संचाचे नाव पंडित अयोथी दास (१८४५–१९१४) यांच्या ‘जातिविरहित तमिळ’ या संकल्पनेवरून घेतलेले आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधी, १८९८ मध्ये, मद्रासेत शाक्य बौद्ध समाजाची स्थापना करणारे हे अयोथी दास. एका रॅप संचाने आपल्या नावातच बौद्ध पूर्वसूरीचे स्मरण ठेवावे, ही धम्मदायादाची खूण म्हणावयास हरकत नाही. ओडिशातील कोरापूटचा सुमित सामोस, कालाहांडीचा दुलेश्वर टांडी, मुंबईचा बहुभाषिक ‘स्वदेसी’ संच आणि आपल्या वऱ्हाडातील अमरावतीचा ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने गाणारा सौरभ अभ्यंकर ही नावे तरुणांना पाठ आहेत. अमरावती ही सुरेश भटांचीही जन्मभूमी; ज्या गावाने मराठीला गझल दिली त्याच गावातून आता रॅप यावा, हा योगायोग गमतीचा आहे.

या मुलांचे आणि त्यांच्या पाठीराख्यांचे नाते कसे आहे? २०२१ मध्ये सुमित सामोसला ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि पैशांची अडचण आली, तेव्हा लोकवर्गणीतून काही तासांत लाखो रुपये जमले. देणाऱ्यांनी गीत विकत घेतले नव्हते. वस्तीने दादांना पुढच्या गावची गाडी करून द्यावी तसेच हे झाले. जुने नाते नव्या साधनाने टिकू शकते याचा हा पुरावा आहे. दुसरी बाजू अरिवू या तमिळ रॅप कवीची. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गीत प्रसिद्ध झाले आणि कोट्यवधी वेळा पाहिले गेले. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या पूर्वजांच्या, आपल्या आजीकडून ऐकलेल्या हकीकती त्याने त्यात गुंफल्या होत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर या गीताच्या यशाच्या निमित्ताने इतर कलावंत झळकले, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर मासिकाने त्याला मुखपृष्ठ दिले. २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनाला तेच गीत गाजले, तेव्हाही तो मंचावर नव्हता. आणि २०२४ मध्ये गीताचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की, या गीतातून कलावंतांच्या हाती काहीही उत्पन्न आलेले नाही. कोट्यवधी श्रोते, आणि भाकरी एकही नाही.

कॅसेटच्या वेष्टणावरची ती बारीक अक्षरे येथे पुन्हा दिसतात. फरक इतकाच की वामनदादा आणि श्रोता यांच्यामध्ये फार तर एक कॅसेट कंपनी उभी होती. अरिवू आणि त्याच्या श्रोत्यामध्ये अनेक कंपन्या उभ्या आहेत, आणि श्रोत्याला वाटते की आपण गीत पाहिले म्हणजे कलावंताला साहाय्य केले. पाहणे हे आमिसदान नव्हे. वस्तीतील जी बाई भाकरी देत होती ती समोर बसून ऐकतही होती. न पटले तर उठून जात होती, कधी दादांना दोन शब्द सुनावीतही असेल. मोबाइलवरचा श्रोता अंगठा उंचावतो किंवा शिवी लिहितो. यातून गाणाऱ्याचे शिक्षण होत नाही. जयंती मंडळे ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर जो पैसा उडवितात त्याचा दहावा हिस्सा जरी तालुक्यातील एखाद्या लिहित्या मुलाला बोलावण्यास आणि त्याचा शब्द शांतपणे ऐकण्यास खर्ची घातला, तर चित्र पालटेल. पण भिंतीचा आवाज मोठा असतो आणि मंडळाच्या नावाची पाटी भिंतीवरच लागते!

या मुलांच्या रचनेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. रॅपच्या प्रकृतीत आत्मप्रौढी आहे. ब्राँक्सच्या रिंगणातील स्पर्धेतून ती आली. तेथे ‘मी’ म्हणणे हाच प्रतिकार होता, कारण समाजाने त्या ‘मी’ला मोजलेच नव्हते. ज्यांचे नाव गावाने कधी धड उच्चारले नाही त्यांच्या नातवाने ठणकावून नाव सांगावे, यात मला आनंदच आहे. वामनदादांनीही नाव सांगितले. पण ते शेवटच्या कडव्यात, सारे सांगून झाल्यावर, साक्षीदाराच्या सहीसारखे सांगितले. आजच्या पुष्कळ रॅपमध्ये सही आधी आणि मजकूर नंतर, असे होते. ज्या तुकड्यांत बापाचे श्रम, आजीची मोलमजुरी, वसतिगृहातील उपास येतात, तेथे रॅप उंचीवर जातो. ज्या तुकड्यांत गाड्या, प्रतिस्पर्ध्यांची निंदा आणि शिवीगाळ येते तेथे तालपुटाची आठवण होते. शिवी ही शोषिताची भाषा आहे असे समर्थन काही अभ्यासक करतात. ते मला पटत नाही. ज्या शिव्या वापरल्या जातात त्या बहुतेक आईबहिणींवरून असतात, आणि ती भाषा शोषिताची नव्हे, शोषकाचीच आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. या रॅपमध्ये संविधान येते, रोहित वेमुला येतो, भीमा कोरेगाव येते, बाबासाहेब तर ओळीओळीला येतात. तथागत क्वचित येतात आणि आले तर गळ्यातील पदकासारखे. वामनदादांच्या पिढीची उणीव येथे वारशाने पुढे आली आहे. बुद्धविचार रॅपमध्ये बसत नाही, असे कुणी म्हणू नये. न्यूयॉर्कच्या ‘बीस्टी बॉईज’ या संचातील अॅडम यौक याने बौद्ध धम्माचा अभ्यास केला आणि १९९४ मध्ये शांतिदेवांच्या बोधिचर्यावताराच्या आधारे बोधिसत्त्वाच्या प्रतिज्ञेवर रॅप गीत लिहिले. शांतिदेवांचा संस्कृत ग्रंथ अमेरिकन तालावर चालला. मग मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त वऱ्हाडी बोलीत का चालू नये? सात वर्षांच्या मुलाला त्याचा पिता शिकवीत आहे. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडे पाणी उरले आहे. तथागत ते दाखवितात आणि म्हणतात, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य एवढेच. मग पाणी ओतून टाकतात; मग भांडे पालथे करतात; मग सरळ करून त्याचे रिकामेपण दाखवितात. चार कृती, चार कडवी. प्रत्येक कडव्याला भांड्याचा एक आवाज.